विजेची शाई : चालते कशी आणि वापरावी कोठे

(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व क्षेत्रीय अधिकारी यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेतील फळा आणि घरातील दूरचित्रवाणीचा पडदा या दोहोंवर आपण अक्षरे वाचतो. परंतु दोहोंची जात वेगळी आहे. फळ्याला स्वतःचा प्रकाश नसतो. खिडकीतून येणारा उजेड खडूच्या रेघेवर पडतो, तेथून परावर्तित होतो आणि आपल्या डोळ्यांत शिरतो. उजेड वाढला की अक्षर अधिक स्पष्ट होते. पडद्याचे याच्या उलट आहे. त्याला स्वतःच्या किंवा पाठीमागील दिव्याच्या प्रकाशावर जगावे लागते. भर दुपारी अंगणात आणला तर त्यावरील अक्षर सूर्यप्रकाशापुढे फिके पडते आणि दिवा विझला की अक्षरही विझते.

या दोन जातींचा मेळ घालणारे, म्हणजे फळ्याप्रमाणे बाहेरच्या उजेडात वाचता येणारे आणि पडद्याप्रमाणे विजेने मजकूर बदलणारे असे एक साधन गेल्या काही दशकांत तयार झाले आहे. इंग्रजीत त्याला इलेक्ट्रोफोरेटिक डिस्प्ले असे लांबलचक नाव असून व्यवहारात ते ई-पेपर किंवा ई-इंक या नावांनी ओळखले जाते. आज आपण त्याला विजेच्या शाईचा फलक म्हणू. वाचनयंत्रे, मोठ्या दुकानांतील किंमतपट्ट्या आणि माहिती फलक अशा अनेक ठिकाणी तो वापरला जातो. सार्वजनिक सूचनांसाठी तो घ्यावा काय, असा प्रश्न उद्या आपल्यापैकी कोणापुढेही येऊ शकेल. त्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी तो चालतो कसा हे समजून घेणे अगत्याचे आहे; कारण त्याचा सर्वांत मोठा गुण आणि सर्वांत मोठा धोका ही दोन्ही एकाच मुळातून निघालेली आहेत.

मूळ तत्त्व

या फलकाचे मूळ तत्त्व दोनशे वर्षांपेक्षा जुने आहे. फर्डिनांड रॉइस हे मॉस्को येथील विद्यापीठातील प्राध्यापक होते. १८०७ साली त्यांनी ओल्या चिकणमातीत काचेच्या नळ्या रोवल्या, त्यांत पाणी भरले आणि विजेचा प्रवाह सोडला. तेव्हा मातीचे बारीक कण धन अग्राकडे सरकू लागल्याचे त्यांना आढळून आले. मातीच्या कणांवर ऋण विद्युत् भार असतो आणि विरुद्ध भार एकमेकांस आकर्षून घेतात, हे त्यामागील कारण होय. द्रवामध्ये तरंगणारे भारित कण विद्युत् क्षेत्राच्या प्रभावाने सरकतात, या क्रियेस इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. मराठीत तिला विद्युत् संचारण असे म्हणता येईल.

हा शब्द आपल्यापैकी अनेकांच्या कानांवरून गेला असेल. विदर्भातील आणि खानदेशातील आदिवासी भागांत काम करणाऱ्या शिक्षकांना सिकलसेल आजाराची तपासणी परिचयाची आहे. प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणीनंतर खात्रीसाठी रक्ताची जी इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी करतात, ती हीच. सिकलसेलच्या रुग्णातील हिमोग्लोबिनचा विद्युत् भार नेहमीच्या हिमोग्लोबिनपेक्षा थोडा वेगळा असतो. त्यामुळे विद्युत् क्षेत्रात ही दोन्ही वेगवेगळ्या गतीने सरकतात आणि वेगळी ओळखू येतात. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली याच मार्गाने दाखवून दिले की, सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या रेणूतील दोषाचा आजार आहे. त्यापूर्वीच्या वर्षी, १९४८ मध्ये, या तंत्राचा पाया घालणारे स्वीडनचे शास्त्रज्ञ आर्ने टिसेलिउस यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. रक्ताची परीक्षा आणि अक्षरांचा फलक ही एकाच तत्त्वाची दोन अपत्ये आहेत.

वर्गात दाखविता येईल असा नमुना

शिक्षकांना हे तत्त्व समजावून देण्यासाठी महागडे उपकरण लागणार नाही. लहान मुलांच्या खेळण्यांत एक चुंबकी पाटी मिळते. तिच्या पांढुरक्या पृष्ठभागाखाली मधमाश्यांच्या पोळ्यासारखी लहान लहान घरे असतात. प्रत्येक घरात दाट पांढरा द्रव आणि त्यात काळसर चुंबकीय कण असतात. चुंबकी लेखणी फिरविली की कण वर येतात आणि काळी रेघ दिसते. पाटीमागील पट्टी सरकविली की ते खाली ओढले जातात आणि पाटी पुन्हा कोरी होते.

येथे कण सरकविणारी शक्ती चुंबकाची आहे, विजेची नव्हे. एवढा भेद सोडला तर आपल्या फलकाची सर्व मुख्य लक्षणे या खेळण्यात सापडतात. रंगीत कण वर आला की दिसतो, खाली गेला की लपतो. द्रव दाट असल्याने लेखणी उचलली तरी रेघ जागेवर राहते. कण इकडेतिकडे वाहून जाऊ नयेत म्हणून त्यांना लहान घरांत कोंडलेले असते. ही तीन लक्षणे ध्यानात ठेवावीत. पुढील सर्व विवेचन त्यांवरच उभे आहे.

पहिला प्रयत्न आणि त्याच्या अडचणी

विजेने असा फलक करण्याचा पहिला महत्त्वाचा प्रयत्न जपानमध्ये झाला. मात्सुशिता कंपनीतील संशोधक इसाओ ओता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली अशा फलकाचे वर्णन प्रसिद्ध केले. दोन पट्टांच्या मधोमध रंगीत द्रवाचा पातळ थर आणि त्यात वेगळ्या रंगाचे भारित कण अशी ती रचना होती. विजेची दिशा अशी ठेवली की कण पुढच्या पट्टाशी जमत आणि कणांचा रंग दिसे. दिशा उलटविली की कण मागे जात आणि द्रवाचा रंग दिसे.

कल्पना सुबक होती, परंतु व्यवहारात ती टिकेना. कण एकमेकांस चिकटून त्यांच्या गुठळ्या होत. काही कण काळ लोटला की तळाशी बसत. काही कण वर-खाली जाण्याऐवजी आडवे सरकत आणि फलकाच्या एका भागात दाटी, तर दुसऱ्या भागात विरळपणा दिसू लागे. शिवाय पुढे आलेल्या कणांच्या फटींत रंगीत द्रव अडकून राहत असल्याने पांढरा रंग पुरेसा पांढरा दिसत नसे. याच सुमारास द्रवस्फटिकांचे, म्हणजे मनगटी घड्याळांत आणि गणकयंत्रांत दिसू लागलेले फलक झपाट्याने सुधारत गेले. त्यामुळे विजेच्या शाईचा मार्ग बराच काळ मागे पडला.

कुपीची युक्ती

ही कोंडी फुटली ती अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेच्या माध्यम प्रयोगशाळेत. तेथील प्राध्यापक जोसेफ जेकबसन आणि त्यांचे विद्यार्थी बॅरेट कोमिस्की व जे. डी. आल्बर्ट यांनी भारित कण आणि द्रव एकत्र करून अतिसूक्ष्म कुप्यांत भरले. एका कुपीचा व्यास साधारण माणसाच्या केसाच्या जाडीएवढा असतो. १९९८ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्या वर्षी या तंत्राच्या विकासासाठी ई-इंक ही कंपनी स्थापन झाली होती.

कुपीमुळे काय साधले? कण आपल्या घराबाहेर जाऊ शकत नाहीत, म्हणून आडवे सरकणे थांबले. गुठळी झालीच तर ती एका कुपीपुरती राहते आणि डोळ्यांना दिसत नाही. तसेच कुप्यांचा हा लगदा खऱ्या शाईप्रमाणे पातळ पत्र्यावर पसरविता येतो. ‘शाई’ हे नाव त्यावरूनच रूढ झाले.

आजच्या काळ्या-पांढऱ्या फलकांच्या कुपीत दोन प्रकारचे कण असतात आणि द्रव पारदर्शक, तेलासारखा असतो. पांढरे कण टायटॅनियम डायऑक्साइडचे असतात. भिंतीच्या पांढऱ्या रंगात आणि चांगल्या छपाईच्या कागदातही हेच द्रव्य वापरतात, कारण ते आपल्यावर पडलेला प्रकाश सर्व बाजूंना विखुरते. काळे कण कार्बनसारख्या काळ्या रंगद्रव्याचे असतात. दोहोंवर परस्परविरुद्ध विद्युत् भार ठेवलेला असतो. टायटॅनियम डायऑक्साइड तेलापेक्षा कितीतरी जड असल्याने त्याचे कण तळाशी बसू नयेत आणि एकमेकांस चिकटू नयेत म्हणून त्यांवर बहुवारिकाचे, म्हणजे प्लॅस्टिकच्या जातीच्या द्रव्याचे, आवरण चढवितात. जपानी संशोधकांना सतावणाऱ्या अडचणी अशा एकेक करून रसायनशास्त्राच्या साह्याने दूर करण्यात आल्या.

फलकाची रचना आणि थोडे गणित

आता संपूर्ण फलक कसा असतो ते पाहू. सर्वांत वर पारदर्शक पत्रा असून त्याच्या आतल्या बाजूस वीज वाहून नेणारा, पण डोळ्यांना न दिसणारा थर असतो. त्याखाली कुप्यांचा थर असतो. त्याखाली, काचेवर किंवा प्लॅस्टिकवर, चौकटीचौकटींनी मांडलेली लहान विद्युत् अग्रे असतात आणि प्रत्येक अग्रामागे एक सूक्ष्म ट्रान्झिस्टर असतो. ट्रान्झिस्टर हा येथे नळाच्या तोटीसारखा आहे : ज्या ठिपक्याला दाब द्यावयाचा तेथे तो उघडतो, इतरत्र बंद राहतो. सर्व ट्रान्झिस्टरांची हजेरी ओळीओळीने घेतली जाते आणि असे ठिपक्या-ठिपक्याने अक्षर उभे राहते.

अशा फलकाला साधारण १५ व्होल्टचा दाब पुरतो. हा आकडा लहान वाटतो. परंतु कुपीच्या थराची जाडी ५० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग, धरली तर एवढ्याशा अंतरावर १५ व्होल्ट म्हणजे एका मीटरला ३ लाख व्होल्ट एवढे तीव्र क्षेत्र होते. इतके तीव्र क्षेत्र असूनही कणाचा वेग बेताचाच असतो. पाव सेकंदात ५० मायक्रोमीटर अंतर कापले, तर वेग सेकंदाला मिलिमीटरचा पाचवा भाग होतो. घट्ट तेलातून वाट काढताना कणाला होणारा विरोध हे त्याचे कारण. म्हणूनच या फलकावर पान उलटण्यास अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो आणि चलच्चित्र दाखविण्यास तो सोयीचा नाही.

राखाडी छटा दाखविण्यासाठी कणांना अर्ध्या वाटेवर थांबविले जाते. दाब किती वेळ व कोणत्या दिशेने द्यावयाचा याचे तयार कोष्टक यंत्राच्या स्मरणात भरलेले असते. कण नेमका कोठे थांबला होता याचा हिशेब हळूहळू चुकू लागतो आणि आधीच्या पानाची पुसट छाया नव्या पानावर राहते. ती घालविण्यासाठी यंत्र मधून मधून सर्व कण एकदा पूर्ण वर आणि एकदा पूर्ण खाली आणते. पान बदलताना फलक क्षणभर काळा-पांढरा होताना दिसतो तो याच कारणाने. तो बिघाड नसून फळा ओल्या फडक्याने पुसण्यासारखी क्रिया आहे.

वीज गेली तरी अक्षर राहते

या फलकाचा सर्वांत महत्त्वाचा गुण आता सांगतो. कण इच्छित स्थळी पोहोचल्यावर दाब काढून घेतला, तरी ते तेथेच राहतात. द्रवाचा दाटपणा, त्यात विरघळविलेली लांब साखळीची बहुवारिके आणि कणांमधील हलकीशी पकड यांमुळे त्यांना आपणहून हलण्यास वाव मिळत नाही. याचा अर्थ असा की, अक्षर बदलण्यासाठी वीज लागते. ते टिकवून धरण्यासाठी लागत नाही.

एक उदाहरण घेऊ. एखाद्या सूचनेचा मजकूर दिवसातून दोनदा बदलावयाचा आहे. दिव्यांच्या फलकाला त्यासाठी दिवसाचे ८६,४०० सेकंद जळत राहावे लागते. विजेच्या शाईच्या फलकाला प्रत्यक्ष कण हलविण्यासाठी दोन-चार सेकंद वीज पुरते. नवा मजकूर दूरवरून मागविणाऱ्या संदेशयंत्रणेला वेगळी वीज द्यावी लागते, हे खरे. तरीही एकूण खर्च इतका कमी असतो की लहानसा सौर पट आणि विजेरी यांवर असा फलक चालविता येतो.

मात्र मजकूर जितका वारंवार बदलेल तितका हा लाभ घटत जातो. सेकंदागणिक बदलणारे आकडे दाखवावयाचे असतील तर हा फलक निवडण्यात अर्थ नाही. जे क्वचित बदलते आणि पुष्कळ लोक पुन्हा पुन्हा वाचतात, त्या मजकुरासाठी हे साधन आहे.

बाजारातील वाटचाल

या कसोटीची सत्यता बाजाराच्या अनुभवाने पटते. २००४ साली जपानमध्ये सोनी कंपनीने लिब्रिए हे वाचनयंत्र विक्रीस आणले. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉनचे किंडल आले. त्याचा ६ इंची फलक ८०० गुणिले ६००, म्हणजे ४ लाख ८० हजार ठिपक्यांचा होता आणि त्यावर चार छटा दाखविता येत. पुस्तकाचे पान काही मिनिटे स्थिर असते; त्यामुळे फलकाचा संथपणा वाचकाला जाचत नाही. वाचनयंत्रे रुजली ती यामुळे.

याउलट उदाहरण आपल्या देशातीलच आहे. २००६ साली मोटोरोला कंपनीने मोटोफोन एफ-३ हा स्वस्त दूरध्वनी भारतात आणला. त्याला विजेच्या शाईचा फलक होता. उन्हात तो उत्तम दिसे आणि विजेची बचतही होई. परंतु त्याचा फलक सुट्या ठिपक्यांचा नव्हता. आकड्यांच्या घड्याळासारख्या ठराविक तुकड्यांचा होता. एका ओळीत जेमतेम सहा अक्षरे मावत आणि लेखी संदेश वाचणे जिकिरीचे होई. अशा तुकड्यांतून आपल्या काना-मात्रा-वेलांट्या आणि जोडाक्षरे उमटणे तर शक्यच नव्हते. साधन तेच, पण मजकुराचा विचार करून योजले नाही तर त्याचे गुण वाया जातात.

देवनागरीला बारीक ठिपके लागतात. अनुस्वार, रफार, उकार ही चिन्हे लहान असून त्यांनी अर्थ बदलतो. पुढे ठिपक्यांची दाटी इंचाला सुमारे ३०० पर्यंत वाढली, तेव्हा ही अडचण दूर झाली. २०१६ च्या अखेरीस किंडलवर हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळम यांच्याबरोबर मराठी पुस्तकेही उपलब्ध झाली. दरम्यान ई-इंक ही कंपनी २००९ साली तैवानच्या उद्योगसमूहाकडे गेली. दुकानांतील फळीवरच्या किंमतपट्ट्यांत काळ्या-पांढऱ्यासोबत लाल कणांचाही उपयोग होऊ लागला. निळसर, किरमिजी, पिवळे आणि पांढरे असे चार प्रकारचे कण एकाच कुपीत हलवून अनेक रंग दाखविणारे फलकही तयार झाले आहेत. चार प्रकारच्या कणांना वेगवेगळे हाकणे कठीण असल्याने रंगीत पान उमटण्यास काळ्या-पांढऱ्यापेक्षा अधिक वेळ लागतो.

मर्यादा

मर्यादांचा विचार केल्याशिवाय खरेदीचा विचार करू नये. पहिली मर्यादा अंधाराची. फलकाला स्वतःचा प्रकाश नसल्याने रात्री वाचण्यासाठी बाहेरून दिवा लागतो. दुसरी मर्यादा उष्णतेची. थंडीत तेल घट्ट होते आणि कण मंदावतात. म्हणून यंत्र तापमान मोजून दाबाचा कालावधी बदलते. सर्वसाधारण फलक ० ते ५० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनविलेले असतात. विदर्भात मे महिन्यात सावलीतील पारा ४५ अंशांपलीकडे जातो. उन्हात ठेवलेल्या बंद काचपेटीतील तापमान त्याहून वाढणार हे उघड आहे. तेथे हवा खेळती ठेवून छत द्यावे लागेल. तिसरी मर्यादा अशी की, ट्रान्झिस्टरांचा थर पुष्कळदा पातळ काचेवर असतो आणि आघाताने तडकतो.

सार्वजनिक सूचनेचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे वळू. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४ मध्ये लोकांनी मागण्याची वाट न पाहता माहिती प्रसृत करण्याचे कर्तव्य सांगितले असून, प्रसृत करण्याच्या मार्गांत सूचनाफलकाचा स्पष्ट उल्लेख आहे. ग्रामसभेची तारीख, लाभार्थ्यांची यादी, रास्त भाव दुकानातील धान्याची आवक, पाणी सोडण्याची वेळ, असा सर्व मजकूर क्वचित बदलणारा आणि पुष्कळांनी वाचावयाचा असतो. त्यामुळे विजेच्या शाईचा फलक या कामाला अनुरूप आहे, असे प्रथमदर्शनी वाटेल आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे.

परंतु येथेच सावध राहावयास हवे. दिव्यांचा फलक बिघडला की तो अंधारतो. त्याचा बिघाड लहान मुलालाही कळतो आणि लोक दुसरीकडे चौकशी करतात. विजेच्या शाईच्या फलकाची विजेरी संपली किंवा संदेशयंत्रणा बंद पडली, तर तो अंधारत नाही. त्यावर शेवटचा मजकूर जसाच्या तसा, ठसठशीत आणि ताजा दिसत राहतो. वाचणाऱ्याला तो आजचा आहे की पंधरा दिवसांपूर्वीचा, हे कळण्यास कोणताही मार्ग नसतो. अक्षर टिकवून धरण्याचा जो गुण आपण वाखाणला, तोच शिळ्या माहितीला खऱ्याचे रूप देतो.

ग्रामसभेची बदललेली तारीख न समजल्याने काही ग्रामस्थांची फेरी वाया जाईल. धान्य आल्याचे न समजल्याने एखाद्या मजुराची रोजी बुडेल. परंतु पावसाळ्यात नदीकाठच्या गावी धरणातून होणाऱ्या विसर्गाचा आकडा अशा फलकावर असेल, रात्रीत विसर्ग चौपट झाला असेल आणि फलक मात्र आदल्या सायंकाळचा आकडा शांतपणे दाखवीत असेल, तर त्याची किंमत जनावरांनी आणि माणसांनी मोजावी लागेल. म्हणून असा फलक बसविताना काही नियम आधीच ठरवावेत, अशी माझी सूचना आहे.

पहिला नियम : प्रत्येक सूचनेवर ती कोणत्या दिवशी व किती वाजता दिली आणि कोणत्या वेळेपर्यंत ग्राह्य आहे हे मोठ्या अक्षरांत असावे. कागदी सूचनेवर तारीख घालण्याची आपली जुनी शिस्त येथे दुपटीने पाळली पाहिजे.

दुसरा नियम : मुदत संपताच फलकाने आपणहून ‘ही सूचना आता ग्राह्य नाही’ असे दाखवावे, अशी योजना यंत्रात असावी. जुना मजकूर पुसण्यासाठीही वीज लागते, हे येथे विसरता कामा नये. विजेरी पूर्ण संपल्यावर फलक स्वतःला कोरा करू शकत नाही. म्हणून विजेरीतील थोडी वीज या अखेरच्या कामासाठी राखून ठेवणारे यंत्रच मागावे आणि खरेदीपूर्वी विजेरी मुद्दाम संपवून त्याची परीक्षा घ्यावी.

तिसरा नियम : फलकावरील मजकूर बदलला की आधीचा मजकूर मागमूस न ठेवता जातो. उद्या वाद उपस्थित झाला तर काय लिहिले होते हे फलक सांगू शकणार नाही. म्हणून प्रत्येक सूचनेची स्वाक्षरीची प्रत दप्तरी राहिलीच पाहिजे. फलक हा वाचण्यासाठी आहे. पुराव्याचे काम नोंदवहीचे आहे.

चौथा नियम : जीविताशी संबंधित इशाऱ्यासाठी केवळ या फलकावर विसंबू नये. भोंगा, ध्वनिक्षेपक, दवंडी ही साधने झोपलेल्या माणसाला जागे करतात; फलक त्याच्याकडे पाहणाऱ्यालाच काही सांगू शकतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांचाही विचार येथे करावयास हवा.

पाचवा नियम : रोज सकाळी फलकाकडे पाहून त्यावरील तारीख तपासण्याची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीवर असावी. शाळा जवळ असेल तर वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना हे काम आनंदाने देता येईल. तारीख जुनी दिसली की त्यांनी पंचायतीस कळवावे. त्यातून त्यांना विज्ञानाचा एक पाठ मिळेल आणि नागरिकत्वाचाही.

समारोप

सारांश, विजेच्या शाईचा फलक म्हणजे तेलाच्या कुपीतील काळे-पांढरे कण, त्यांना वर-खाली नेणारे विद्युत् क्षेत्र आणि प्रत्येक ठिपक्यामागील एक तोटी, एवढाच प्रकार आहे. मॉस्कोच्या प्रयोगातील चिकणमातीपासून इथपर्यंत यावयास जवळजवळ दोनशे वर्षे लागली आणि त्यासाठी रसायनशास्त्र, विद्युत्शास्त्र व छपाईकला या तिन्हींना एकत्र यावे लागले. उन्हात वाचता येणे आणि अल्प विजेवर चालणे हे त्याचे गुण ग्रामीण भागास निश्चित उपयोगी पडतील. परंतु त्यावरील अक्षर खरे आहे की शिळे, हे कण सांगू शकत नाहीत. ते पाहण्यासाठी फलकामागे जागरूक माणूस हवा आणि तो नेमण्याचे काम आपले आहे. असा फलक घेण्याचा ठराव आपल्यापुढे येईल तेव्हा किंमत आणि आकार यांच्या आधी त्याची तारीख कोण पाहणार, हा प्रश्न आपण विचारावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.